रंभाचा अंगठा

दोन वर्षांपूर्वी भांडगावापासून सणसवाडीपर्यंत एक कुजबुज फिरत होती. दौंडला रेल्वेच्या मोरीच्या अलीकडं साळूबाईच्या चाळीत एक बाई आहे. ती कागदावर माणसाचं उघडं अंग काढते, वर त्याचं नाव लिहिते आणि लाल पेनानं अंगावर फुल्या मारते. जिथं फुली, तिथं दुखणं. मग माणूस विव्हळत तिच्याच दारात येतो, आणि ती अंगठा लावून ते दुखणं उतरवते. म्हणजे लावणारी तीच आणि काढणारीही तीच.

खोटं कशाला बोलू, ही बातमी मीसुद्धा तीन ठिकाणी सांगितली. त्यातल्या दोन ठिकाणी पदरचं मीठ घालून. त्या वेळी माझा गुडघा तिच्याचकडे चालू होता, पण चांगली बातमी गुडघ्यासाठी अडवून ठेवायची माझी सवय नाही.

बाईचं नाव रंभा. नावावरूनच निम्म्या गावाला गुदगुल्या व्हायच्या. प्रत्यक्षात पंचेचाळिशीची, काळीसावळी, खांद्यानं रुंद, आणि बोलायला लागली की समोरच्याची टोपी उडवणारी. तिचा बाप म्हाळू रेल्वेत गँगमन होता. तीस वर्षं रुळाखाली खडी ठोकून त्याची कंबर कामातून गेली होती. संध्याकाळी तो पालथा पडायचा आणि दहा वर्षांची रंभा त्याच्या पाठीवर हातानं चाचपायची. "आबा, हितं कायतरी गाठीवानी हाय. हितं दाबलं की तुमचा पाय का हालतो?" म्हाळू म्हणायचा, "तुला काय करायचंय? दाब." त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला तिला वीस वर्षं लागली.

ती वीस वर्षं काही शाळेत गेली नाहीत. सणसवाडीच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर होती. आठ तास हात खांद्याच्या वर. दोन वर्षांत उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, रात्री ग्लास धरवेना. सुपरवायझर म्हणाला, "नाटकं आहेत बायकांची." रंभा म्हणाली, "साहेब, माझ्या जागी एक तास उभं ऱ्हा. नाटक तुम्हालाबी जमंल." सगळी लाइन बघत होती, त्यामुळे साहेबाला उभं राहावं लागलं. विसाव्या मिनिटाला त्याला फोन आला. म्हणजे त्यानं तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात रंभाचं काँट्रॅक्ट संपलं, आणि ते पुन्हा काही सुरू झालं नाही.

पुण्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईनं तिचा हात बघितलाच नाही. मानेच्या बाजूला बोट रोवलं, आणि रंभाच्या उजव्या अंगठ्यापर्यंत झणझणीत कळ गेली. रंभा सांगते, "आप्पा, तवा कळलं. हात ओरडत होता, पण चोर मानंत बसला होता." बापाचा पाय का हलायचा तेही तिला त्याच दिवशी कळलं. बाप मात्र तोवर राहिला नव्हता.

मग रंभा त्याच विद्येच्या मागं लागली. कोर्स केला. सहा वर्षं दौंड-पुणे डेमू गाडीनं जाऊन येऊन त्याच बाईच्या हाताखाली काम केलं. आणि एक दिवस साळूबाईच्या चाळीत रस्त्याकडची खोली घेऊन पाटी लावली: ‘जुन्या दुखण्याची तपासणी व उपचार. न्यूरोमस्क्युलर मसाज. स्त्री-पुरुष दोघांसाठी.’

वरच्या दोन ओळी कुणालाच कळल्या नाहीत. तिसरी सगळ्यांना कळली.

पहिली कुरकुर घरातूनच. तिचा धाकटा भाऊ महेंद्र, तोही रेल्वेत. तो म्हणाला, "ताई, बायकांपुरतं ठेव ना. लोकं मसाज म्हणलं की वाकडं बोलतात. शेवटची ओळ रंगानं पुसून टाकू."

"आबाची कंबर बाईची व्हती का बाप्याची?"

"तसं न्हाई गं. पण वरच्या आळीचे लोक येतील, त्यांच्या अंगाला आपण हात लावायचा, उद्या काय झालं तर..."

"माझ्या आज्याची सावलीसुदिक ज्यांना चालत न्हवती, त्यांच्या मानंला आज माझा अंगठा चालतो," रंभा म्हणाली. "चालतो म्हंजी, ते आपल्या पायानं येत्यात आन् नंबर लावून बसत्यात. ही ओळ मी पुसू व्हय? उलट अक्षर मोठं करते."

आणि केलंही. पेंटर बोलावून.

तिची पद्धत अशी, की पहिला अर्धा तास ती हात लावतच नाही. नुसती बघते. खुर्चीवरून कसे उठता, शर्ट काढताना कुठला हात आधी निघतो, चप्पल कुठल्या बाजूनं झिजली आहे. मग म्हणते, काम करून दाखवा. एकदा गुऱ्हाळावरचा उत्तरेकडचा एक कामगार आला होता. कोपरापासून खाली हात ठणकत होता. तिनं त्याच्या हातात झाडू दिला आणि सांगितलं, रसाची काहील ढवळून दाखव. तो गडी भर खोलीत हवा ढवळत होता आणि बाहेर बाकावर आम्ही पोट धरून हसत होतो.

"दर्द तो हाथ में है दीदी, आप कंधा क्यों देख रही हो?"

"हाथ सिर्फ चिल्ला रहा है, भैया. चोर दूसरे गाँव का है."

मग अंगठा. आडवा फिरवत फिरवत स्नायूतली ताणलेली दोरी शोधायची, त्या दोरीतली गाठ शोधायची, आणि तिथं दाब धरून थांबायचं. रगडायचं नाही. "दहातलं किती दुखतंय? सातच्या वर गेलं की सांगायचं. मर्दानगी बाहेर चपलांपाशी ठेवून यायची." राज्य राखीव पोलीस दलाचा एक जवान डोळ्यांतून पाणी गाळत "तीन" म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुमचं तीन बघून माझंच सात झालं." दाब धरला की आधी कळ उठते, मग हळूहळू गाठ सैल पडते. एका बैठकीत सुटेल असं ती कुणाला सांगत नाही. कुणाला चार लागतात, कुणाला दहा, आणि कुणाचं सुटतच नाही. त्याला ती तसं तोंडावर सांगते. एकाचा डावा खांदा दुखत होता आणि घाम येत होता, तर तिनं त्याला बोटही लावलं नाही. रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. दुखणं हृदयाचं निघालं. तो माणूस बरा होऊन गावभर सांगत फिरला, की रंभाला माझा खांदा जमला नाही. जगाचा न्याय असा असतो.

आता भांडगावचे पोपटराव.

पोपटराव म्हणजे गावच्या सोसायटीचे अठरा वर्षं चेअरमन. बागायतदार, पांढरे कपडे, शब्दाला वजन. त्यांची दोन वैशिष्ट्यं पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. एक म्हणजे त्यांची फुली. नको असलेल्या अर्जावर ते लाल पेनानं फुली मारायचे, आणि दुसरी रेघ ओढून झाली की तिचं टोक झटक्यात वर वळवायचे, विंचवाच्या नांगीसारखं. लोक म्हणायचे, "अर्जाला विंचू चावला." एकदा त्यांच्याच बायकोनं, पुतळाबाईंनी, बचत गटाच्या बायकांना बसायला सोसायटीची रिकामी खोली मागितली होती. रीतसर अर्ज करून. त्यालाही विंचू चावला. नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढताना त्या बाईनं काय विचार केला असेल, ते मी बरेचदा मनात रंगवून बघितलं आहे.

दुसरं वैशिष्ट्य, पोपटराव आपला कागद दुसऱ्याच्या कपाटात राहू देत नसत. "कागद मागं ठेवला की तो एक दिवस माणसासारखा बोलतो," असं ते म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा.

आठ वर्षं त्यांची मान धरली होती. कुणी हाक मारली तर मान वळायची नाही, अख्खे पोपटराव वळायचे. फोटो काढून झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी गुपचूप रंभाकडे. घरी सांगायचे, कोर्टात तारीख आहे. गाडी स्टेशनाजवळ लावायची, टोपी कपाळावर ओढायची, आणि चाळीच्या मागच्या बाजूनं यायचं. गेली चाळीस वर्षं दौंडात कोण कुठल्या गल्लीत शिरतं हे बघणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे टोपीचा काही उपयोग झाला नाही. आत काय चालायचं तेही आवाजावरून कळायचं. अठरा वर्षं ज्यांच्या ‘न्हाई’वर गाव चाललं, ते "अगं आई आई, आठ, आठ, नऊ!" असे ओरडायचे. मग रंभाचा शांत आवाज: "फोन कुठल्या कानाला धरता? धरत न्हाई, खांद्यानं दाबता. व्हय ना? हात सह्या करायला मोकळा पायजे म्हणून. अठरा वर्षं सह्या केल्या, आता मान हिशोब मागतीया."

चौथ्या खेपेला पोपटरावांना टेबलावर आपल्या नावाचा कागद दिसला. माणसाचं अंग पुढून-मागून, वर नाव, आणि मानेवर, खांद्यावर, कानामागं लाल फुल्या. सवयीनं त्यांनी तो उचलला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. कागद मागं ठेवायचा नाही.

दोन दिवसांनी तो सदरा पुतळाबाईंनी धुवायला काढला.

बिचारीनं वर नवऱ्याचं नाव वाचलं, खाली उघडं अंग बघितलं, लाल फुल्या बघितल्या, आणि पुढचं डोळ्यांनी वाचलंच नाही, भीतीनं वाचलं. तसंच तडक शेजारच्या गावातल्या एका देवऋषीला जाऊन दाखवलं. त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं की करणी पक्की आहे, काम मोरीजवळच्या बाईचं आहे. त्याला मोरीजवळची बाई कशी दिसली म्हणाल, तर पुतळाबाईंनीच बोलता बोलता सांगितलं होतं की कागदाच्या पाठीवर रंभाच्या खोलीचा शिक्का आहे.

पुढचं काम मुलानं केलं. विश्वजीत, वय अठ्ठावीस, पेशा युवा नेता. फ्लेक्सवर हात जोडायचा आणि मोबाइलवर हात सोडायचा. त्यानं त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटागटांत टाकला: ‘दौंडात करणीचा अड्डा.’ वडिलांचं नाव बोटानं झाकलं होतं, पण बोट थोडं कमी पडलं. मग तो साळूबाईकडे आला.

साळूबाई सत्तरीची विधवा. त्या चाळीच्या भाड्यावर तिचं घर चालतं, आणि नगरपालिकेचा एक कागद जरी आला तरी ती देव पाण्यात ठेवते. विश्वजीतनं तिला सांगितलं, "आज्जी, रविवारपर्यंत खोली मोकळी झाली पायजे. न्हाईतर तुमच्या चाळीच्या परवानगीचं आम्ही बघतो."

साळूबाई रडत रंभाकडे आली. "पोरी, तुझ्या हातानं माझा खुबा चालतोय, हे मी विसरले न्हाई. पण चाळ गेली तर मी कुठं जाऊ?"

रंभानं तिला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "साळूमावशी, तुम्ही मला काढलं तर मी तुम्हाला नाव ठेवणार न्हाई. पण मी आपण होऊन जाणार न्हाई. हितून गेले की लोकं म्हणतील, खरंच करणी करत व्हती म्हणून पळाली. मग दुसऱ्या गावात खोली कोण देईल? सहा वर्षं डेमूच्या दारात उभं ऱ्हाऊन ही खोली मिळवलीया. रविवारी दार उघडंच असंल. येऊ द्या त्यांना."

मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "अगं, एक शब्द बोल. पोपटराव स्वतः येतात म्हणून सांग. सगळा फुगा फुटंल. तू न्हाई तर मी सांगतो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझा गुडघा आपोआप सरळ झाला. "आप्पा, ह्या खोलीत कोण आलं, कुठं दुखलं, कोण रडलं, हे मी सांगत न्हाई. खोली गेली तरी न्हाई. आन् तुम्ही सांगितलंत, तर तुमचा गुडघा दुसरीकडं न्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी मोठी बातमी पोटात ठेवून चार दिवस काढले. ॲसिडिटी झाली.

रविवारी सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. वीस-बावीस पोरं, पुढं विश्वजीत, त्याच्यामागं पुतळाबाई. कपाळावर पांढरं फडकं घट्ट बांधलेलं, हातात तो कागद. पोपटराव मागच्या गाडीत बसून होते. त्यांना जबरदस्तीनं आणलं होतं, ‘पीडित’ म्हणून. ते समोर बघत होते. दुसरीकडं बघायची त्यांच्या मानेची सोयच नव्हती.

रंभानं दार सताड उघडलं होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा न बांधलेली बाई, आणि तिच्यावर आळ करणीचा.

विश्वजीत म्हणाला, "जादूटोण्याचा कायदा म्हाईत हाय का? आत जाशील."

"आधी ‘जाशील’चं ‘जाल’ करा. मी तुमच्या आईच्या वयाची हाय. आन् कायद्याचं भ्या मला न्हाई. भिंतीवर कोण हाय बघा. तक्रार द्या, म्हंजी देवऋषीकडं कोण गेलं व्हतं तेबी लिहून घेतील."

पोरांत कुणीतरी फिसकन हसलं.

"माझे वडील हितं आले व्हते का? व्हय का न्हाई?"

"सांगणार न्हाई."

"म्हंजी आले व्हते!"

"तसंबी सांगणार न्हाई. उद्या तुम्ही आलात आन् तुमच्या आईनं विचारलं, तरी सांगणार न्हाई. आन् तुम्ही येणार. मोबाइलमुळं मान पुढं आलीया. पाच वर्षं देते."

आता पोरं उघड हसली. विश्वजीतनं नकळत मान मागं घेतली.

साळूबाई भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदर धरून. गाडीत पोपटराव कपाळ पुसत होते. एक शब्द बोलले असते तर खेळ संपला असता. बोलले नाहीत.

मग पुतळाबाई पुढं आल्या. त्यांनी कागद रंभाच्या तोंडासमोर धरला. "बाई, काय वाकडं केलं तुझं मी? ह्या फुल्या कशाला?"

रंभानं कागदाकडं बघितलंच नाही. ती पुतळाबाईंच्या कपाळाकडं बघत होती.

"किती वर्षं बांधताय हे फडकं?"

"तुला काय करायचंय?"

"उजव्या डोळ्याच्या वर दुखतं. उन्हात जास्त. मळमळतं. डोळ्याचा नंबर बदलून झाला, काय फरक पडला न्हाई."

पुतळाबाईंचा हात फडक्याकडं गेला. मग बारीक आवाजात, "बारा वर्षं."

"मग बसा," रंभा म्हणाली. तिनं फाइलमधून एक न भरलेला कागद काढला. तसंच माणसाचं अंग, पुढून-मागून, छापील, झेरॉक्स केलेलं. वर विचारून नाव लिहिलं, आणि लाल पेन पुतळाबाईंच्या हातात दिलं. "कुठं कुठं दुखतं, तिथं फुली मारा. तुमच्या हातानं."

"म्हंजी मीच माझ्यावर करणी करू व्हय?"

"करून बघा. आम्ही बावीस जण साक्षीला हाय," असं मी बाकावरून म्हणालो. एवढं मला शोभतं.

पुतळाबाईंनी आजूबाजूला बघितलं. बारा वर्षं डोकं दुखणारं माणूस काहीही करून बघतं. त्यांनी डोळ्याच्या वर एक बारकी, भित्री फुली मारली. मानेच्या मागं एक. मग दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी आले, एक नवऱ्याच्या नावाचा आणि एक स्वतःच्या.

त्या बघत राहिल्या. आधी आपल्या साध्या फुलीकडं. मग नवऱ्याच्या कागदावरच्या फुल्यांकडं, एकेक करून, जवळ धरून. मग मान वर करून गाडीकडं. गाडीतले पोपटराव सीटमध्ये खाली सरकले.

बाई उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "विश्वजीत, पोरं घिऊन घरी जा."

"आई, पण..."

"आन् तो फोटो काढ गटातनं. आपली चूक झाली म्हणून लिही. आत्ता, माझ्यासमोर." मग साळूबाईकडं वळून, "साळूबाई, ही खोली हलायची न्हाई. कोण आलं तर माझं नाव सांगा. एका खोलीवर फुली बसलेली मी बघितलीया. दुसरीवर बसू देणार न्हाई."

विश्वजीतनं लिहिलं. गाड्या निघायला लागल्या. पोपटरावांना पोरांबरोबर जायचं होतं, पण पुतळाबाईंनी खिडकीपाशी जाऊन सांगितलं, "तुम्ही थांबा. तुमचीबी बैठक हाय ना आज? म्होरच्या दारानं या."

रंभानं पुतळाबाईंचं फडकं सोडलं, मानेच्या वर, कवटीच्या कडेला अंगठा ठेवला आणि हळूच दाबला. पुतळाबाई दचकल्या. "अगं बया! डोळ्यात गेलं! हितं दाबलंस आन् हितं डोळ्यात गेलं!"

"किती? दहातलं?"

"सहा."

"खरं बोलताय. घरात दुसरं कुणी एवढं खरं बोलत न्हाई," असं रंभा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. एवढीच तिची आयुष्यातली फितुरी.

खोली आजही तिथंच आहे. पाटीवरची तिसरी ओळ आता सगळ्यात मोठी आहे. पुतळाबाईंचं फडकं महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दिसतं, रोज नाही. पोपटराव फोन हातात धरतात, आणि हाक मारली की निम्मे वळतात.

आणि अफवेचं खरं एवढंच: रंभा कुणावर फुली मारत नाही, ज्याचं दुखतं त्याच्या हातात पेन देते. सदऱ्यातल्या त्या कागदावरच्या सगळ्या फुल्यांना नांगी होती. त्या पोपटरावांनी स्वतः मारल्या होत्या.